ताई आहेत का घरात?

“शिंकताना, ताई?”

“शिंकताना थोडी सुटते.”

“खोकताना?”

“खोकताना बरीच.”

“आणि हसताना?”

“हसायचं सोडून दिलंय भाऊ, वर्ष झालं. नवरा म्हणतो, तुझं तोंड हल्ली सरकारी दिसतं.”

टेलिफोनवाल्याने ‘हसणे बंद’ असे लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले, तोच बाहेरच्या दाराची काच खळ्ळकन फुटली.

“काय झालं हो?” पलीकडून बाईने विचारले.

“काही नाही ताई, काच फुटली.”

“कुणाची?”

“आमचीच. मी उद्या फोन करतो हं,” असे म्हणून त्याने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. बाहेर आग लागली असती तरी त्याने तो हळूच ठेवला असता. फोन आपटणाऱ्या माणसाला त्याच्या लेखी भूतलावर जागा नव्हती.

काच फुटली ती विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या तळमजल्यावरच्या एका खात्याची. दारावर ‘स्त्री-श्रोणितल विकार संशोधन व उपचार केंद्र’ असा लांबलचक बोर्ड होता. तो ज्या समितीने लिहिला तिच्या सभासदांखेरीज आजवर कुणालाही तो कळल्याचे ऐकिवात नव्हते. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी ज्यांचे अंग खाली उतरले आहे, शिंक आली की ज्यांना कपडे बदलावे लागतात, अशा बायका त्याच बोर्डाखाली उभ्या राहून कुजबुजत विचारत, “अंग बाहेर येतं त्याचा दवाखाना कुठं आहे हो?” आणि शिपाई चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, “हाच की!” गोपनीयतेचे काम इथपासून सुरू होई.

खात्याच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. त्या शस्त्रक्रिया करीत. एक आकडेवाले सर होते, ते शस्त्रक्रियेनंतर बायका सुधारल्या की नाही हे बायकांना न पाहता सांगत. एक शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर, एक शिपाई. आणि एक टेलिफोनवाला. तो या खात्यात आला तो काही श्रोणितलाच्या ओढीने नव्हे. विद्यापीठाचा जुना टेलिफोन बोर्ड बंद पडला, त्यावर बसणारा माणूस मात्र चालू राहिला. माणूस आहे म्हटल्यावर काम शोधणे आले. मोठ्या मॅडमना उपचार घेतलेल्या बायकांची दर महिन्याला फोनवरून विचारपूस करायला कुणीतरी हवेच होते. पुरुष कसा चालेल, यावर बरीच चर्चा झाली. मग लक्षात आले की बायका सिस्टरला “बरी आहे” एवढेच सांगतात आणि या न दिसणाऱ्या माणसाला सगळे सांगतात.

कारण त्याचा आवाज. माणूस बुटका, टकला, छातीचा पिंजरा. पण आवाज असा की जणू साय काढून ठेवलीय. “ताई आहेत का घरात?” एवढेच तो विचारी, आणि पलीकडची बाई पदराला हात पुसून बसून घेई. त्याची सख्खी बहीण, जिच्या घरी तो राहत असे, तिला तो हाडांच्या खात्यात आहे असे वाटत होते. त्याने तसे सांगितले नव्हते. तिनेच ठरवले होते. त्यानेही तो राँग नंबर दुरुस्त केला नाही, इतकेच.

विचारपुशीचा एक नियम होता. बाईच्या दुखण्याची बातमी घरात फुटू नये म्हणून समितीने तो तीन बैठका घेऊन केला होता. फोन करताना खात्याचे नाव सांगायचे नाही, रुग्णालयाचेही नाही. बाई स्वतः आली तरच बोलायचे. दुसऱ्या कुणी उचलला तर “माफ करा, राँग नंबर” म्हणून ठेवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा करायचा. नियम निर्दोष होता. फक्त तो करणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी असे नव्हते की फोन वाजला आणि बाईला मार बसला. त्यामुळे तेवढी एक बाजू चर्चेला यायची राहून गेली.

ती बाजू आता फुटलेल्या दारातून आत आली.

पुढे एक आडव्या बांध्याचा पुरुष, ट्रकच्या गॅरेजातला मिस्त्री; अंगाला ऑइलचा वास, उजव्या हातात जॅकचा लोखंडी दांडा. डाव्या हातात मनगटाला धरून फरफटत आणलेली बायको. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. ओठ फुटला होता, आणि ते रक्त वाळले होते, म्हणजे कार्यक्रम सकाळी घरूनच सुरू झाला होता.

“कोण तो राँग नंबर?” मिस्त्री गरजला. “व्हा पुढं!”

बाकावर आपापल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या बायकांनी पाय वर घेतले. कुणी जागची हलली नाही.

“अहो, हा दवाखाना आहे,” सिस्टर म्हणाली.

“माहितेय दवाखाना. हिनं तेवढं सांगितलंय. कशाचा ते मेली तरी सांगेना. म्हणते डोकं दुखतं!” त्याने बायकोच्या डोक्याकडे दांडा दाखवला. “आता खरंच दुखत असेल. महिन्यातनं तीनदा, चारदा माझ्या घरी फोन येतो. मी उचलला की राँग नंबर. आई उचलते, राँग नंबर. ही उचलते, मग अर्धा तास नंबर बरोबर! गोड बोलतो म्हणे. मला ऐकायचाय तो गोडवा.”

तर्कशास्त्राच्या परीक्षेत या माणसाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. उत्तर तेवढे चुकले होते.

टेलिफोनवाला आपल्या कोपऱ्यातल्या टेबलामागे उभा होता. त्याने त्या बाईला कधी पाहिले नव्हते. पण “सोड, सोड हात” असे ती म्हणाली आणि त्याला ती कळली. चादरी धुण्याच्या कारखान्यातल्या ताई. ओल्या चादरींची गाठोडी उचलून उचलून आणि तिसऱ्या मुलीच्या बाळंतपणात त्यांचे अंग उतरले होते. मोठ्या मॅडमनी ते आत राहावे म्हणून तात्पुरते रबरी कडे बसवून दिले होते आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली होती. घरी त्या ‘बहिणीकडे चाललेय’ असे सांगणार होत्या. याच ताई एकदा म्हणाल्या होत्या, “भाऊ, याची पहिली बायको याच दुखण्यापायी माहेरी गेली. फाटकी पिशवी घरात ठेवत नसतो म्हणाला, आणि गाडीत बसवून आला. मला तीन पोरी आहेत हो. मेले तरी चालेल, पण याला कळता कामा नये.”

आणि तो म्हणाला होता, “नाही कळणार, ताई.” सबंध नोकरीत त्याने कुणाला दिलेले हे एकच वचन. एरवी तो लाइन जोडून देई. वचने लोक आपापसांत देत.

“पुरुष तेवढे रांगेत या!” मिस्त्रीने दांडा टेबलावर हाणला. कमरेच्या हाडांचा एक प्लॅस्टिकचा नमुना तिथे शिकवण्यासाठी ठेवलेला असे, त्याचे दोन तुकडे झाले. शिपायाने फोनकडे हात नेला, तर दुसरा घाव फोनवर. “एकेकानं बोलायचं. माफ करा, राँग नंबर. चल, तू.”

आकडेवाल्या सरांनी घसा खाकरला. “क्षमा करा, क्रमांक चुकला.”

“तसं नाही! राँग नंबर!”

“माफ करा, राँग नंबर,” सर म्हणाले. आवाज ऐकून बकरीला मायेचा उमाळा आला असता.

“हा नाही. तू.”

शिकाऊ डॉक्टरने ते वाक्य इतक्या घाईने म्हटले की पुन्हा म्हणायला लावले. शिपायाने म्हटले ते चारचौघांना ऐकू जाईल असे, सवयीप्रमाणे. मग दांड्याचे टोक टेलिफोनवाल्याच्या छातीवर येऊन टेकले.

“तू, बुटक्या.”

बायको खाली बघत होती. तिला यातला कोण तो हे ठाऊक नव्हते. तिने कान तेवढे उघडे ठेवले होते, आणि ते मिटता आले असते तर तिने मिटले असते.

टेलिफोनवाल्याने आयुष्यात प्रथमच आवाज लपवला. पोटातून, घोगरा, म्हशीची धार काढणाऱ्याला शोभेल असा सूर काढून तो म्हणाला, “माफ करा, राँग लंबर.”

मिस्त्री त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. मग थुंकला. “हा कसला गोड बोलतोय! हा तर रेडा.”

आणि दांडा खाली आला. आपण वचन पाळले असे वाटून टेलिफोनवाल्याला क्षणभर बरे वाटले. क्षणभरच.

“मग हीच सांगेल,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याने दांडा बायकोच्या पाठीत घातला.

ओल्या चादरीचे गाठोडे फरशीवर टाकावे तसा आवाज झाला. ती गुडघ्यांवर कोसळली. सिस्टर धावली, तिला त्याने कोपराने भिंतीवर फेकले. दुसरा घाव खांद्यावर बसला. बाई ओरडली नाही. तोंड उघडे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज नाही.

ती का ओरडत नाही हे त्या खोलीत एका माणसाला उमगले. डॉक्टर गोंधळले होते, सर टेबलाखाली गेले होते. पण टेलिफोनवाल्याने तिला कितीतरी महिने हाच प्रश्न विचारला होता. जोर केल्यावर अंग उतरतं का, ताई? हो भाऊ, जोर केला की येतंच बाहेर. बाई मार खाता खाता जोर आवरून धरत होती. सगळ्यांसमोर ते बाहेर येऊ नये म्हणून.

तिसऱ्यांदा दांडा वर गेला.

“ताई, ओरडा,” टेलिफोनवाला म्हणाला. “ओरडा तुम्ही. काही होत नाही.”

ही साय होती. खोलीतले सगळे थांबले. बाईने मान वर करून एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिले. मिस्त्री वळला, आणि त्याचा चेहरा एखादे हरवलेले हत्यार सापडावे तसा उजळला.

“हाच.”

पहिला घाव मांडीवर बसला, दुसरा बरगडीवर. टेलिफोनवाला टेबलाच्या पायाशी पडला तेव्हा मिस्त्रीने दांडा बाजूला टाकून त्याची मानगूट धरली. अशा कामाला हातच बरे असतात.

“काय म्हणते ती तुला? सांग, काय म्हणते?”

“भाऊ.”

“सगळ्या आधी भाऊच म्हणतात! अर्धा तास काय बोलता?”

“तब्येत विचारतो.”

“कशाची तब्येत?”

मूठ तोंडावर बसली.

“कशाची?”

“अरे, सांगून टाका ना त्यांना!” टेबलाखालून आकडेवाले सर ओरडले. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचे बरोबर होते. एका वाक्यात सगळा संशय फिटला असता. पण ते वाक्य टेलिफोनवाल्याच्या मालकीचे नव्हते, आणि दुसऱ्याची लाइन ऐकली तरी बोलायची नसते, हे त्याला त्या जुन्या बोर्डावर बसल्या दिवशी शिकवले होते.

“कशाची तब्येत, ए भाऊ?”

या खेपेला जबड्यातून काठी मोडल्यासारखा आवाज झाला. दोन दात फरशीवर पडले, आणि त्यातला एक घरंगळत बाकापर्यंत गेला. टेलिफोनवाल्याला वाटले, आता निदान सांगायचा प्रश्न मिटला.

“माझं अंग बाहेर येतं.”

बाई भिंतीला धरून उभी राहिली होती.

“काय?” मिस्त्री म्हणाला.

“अंग बाहेर येतं माझं. तिसरीच्या वेळेपासनं. गाठोडं उचललं की येतं. तू अंगावर येतोस तेव्हा तर जीव जातो माझा. लघवी राहत नाही. हा माणूस तेवढंच विचारतो. किती वेळा सुटली, किती दुखलं, झोप लागली का. बास. सोड त्याला.” तिने श्वास घेतला. “तू विचारलंस कधी?”

आता माणसाच्या तोंडावर सुटकेची भावना यायला हवी होती. बायको बदफैली नाही, शुद्ध आजारी आहे, असे पुराव्यानिशी सिद्ध झाले होते. पण मिस्त्रीच्या तोंडावर जे आले ते पाहून सिस्टरने डोळे मिटले. नासलेल्या दुधाचा वास घ्यावा तसे त्याचे नाक वर गेले.

“तू पण?” तो म्हणाला. “म्हणजे दोन्ही वेळा मलाच फाटक्या पिशव्या दिल्या?”

त्याने वाकून दांडा उचलला. आता त्याला कशाचीही चौकशी करायची नव्हती.

“काय म्हणालास रे?”

बाकावरून एक निवृत्त मास्तरीणबाई उठल्या. मागल्या महिन्यातच त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती.

“तुला नाही बोललो, म्हातारे.”

“मलाच बोललास. इथं बसलेल्या सगळ्यांना बोललास. पिशवी?” त्या शेजारणीकडे वळल्या. “धरा गं तिकडून.”

आणि त्या बायकांनी बाक उचलले.

ते सागवानी बाक हलवायला एरवी दोन शिपाई लागत आणि अर्धा दिवस लागे. ज्यांना वजन उचलायला बंदी होती, जिना चढायला बंदी होती, ज्यांनी हसणे आणि शिंकणे सोडले होते, त्या बायका ते बाक आडवे धरून धावल्या आणि त्यांनी ते मिस्त्रीच्या पोटात घातले. तो फुटक्या दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. दांडा सुटला. मग बाक त्याच्या पायावर सोडले, आणि हाड मोडल्याचा त्या दिवसातला दुसरा आवाज झाला. पुढचे सगळे चपलांनी, पर्सांनी, पाण्याच्या बाटल्यांनी आणि नखांनी झाले. एक तर नुसती ओरडत होती. इतक्या मोठ्याने, इतका वेळ, पोटापासून जोर करून, की दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणींनी कान टवकारले. एका शांतशा जाड बाईने मिस्त्रीचा कान दातांत धरला होता आणि तो ती सोडत नव्हती. तिच्या सुना तिला घरात ‘आमच्या गरीब सासूबाई’ म्हणत असत.

पहारेकरी धावत आले ते बायकांना वाचवायला. आल्यावर त्यांच्या लक्षात आले की वाचवायचा माणूस वेगळाच आहे. त्यांनी तो ओढून काढला तेव्हा त्याचा चेहरा बायकोच्या चेहऱ्याला बराच जुळू लागला होता.

बायका धापा टाकीत जागच्या जागी उभ्या होत्या. फरशी ओली झाली होती; रक्ताने थोडी, बाकीची कशाने ते सगळ्यांना ठाऊक होते. एकीनेही खाली पाहिले नाही. शिपायाने फडके आणले, तर मास्तरीणबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतले. “जा तू. इथं तुझं काम नाही,” त्या म्हणाल्या, आणि तो कुणाला काही न सांगता गेला.

मोठ्या मॅडम शस्त्रक्रियेतून तशाच, टोपीनिशी खाली आल्या. त्यांनी फुटका फोन, फुटका नमुना आणि फुटका कर्मचारी पाहिला. “कुणी सांगितलं होतं यांना गप्प बसायला?” त्या म्हणाल्या. त्या नियमावर पहिली सही त्यांचीच होती, हे त्यांना आपोआप आठवले असावे. त्यांनी टोपी काढली आणि त्या टेलिफोनवाल्याजवळ ओल्या फरशीवरच बसल्या.

त्याच्या हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधून त्याला स्ट्रेचरवर घेतले. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तारेने बांधावा लागेल, शिकाऊ डॉक्टर म्हणाला. बोलणे जमेल हळूहळू, पण पहिल्यासारखा आवाज... आणि मॅडमनी बघितल्यावर त्याने वाक्य तिथेच सोडले. टेलिफोनवाल्याने ते ऐकले. लोकांनी अर्धे सोडलेले वाक्य पुरे करणे हा त्याचा जुना धंदा होता.

चादरीवाल्या ताई स्ट्रेचरपाशी आल्या. त्यांनी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिले.

“तुम्ही उंच असाल असं वाटायचं मला,” त्या म्हणाल्या.

त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. “बोलू नका हो,” सिस्टर ओरडली.

“नका बोलू, भाऊ. फार बोललात.” मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “पोरींची शाळा सुटेल. सासू त्यांना न्यायला पोचायच्या आत मला पोचायला हवं.”

“अगं, पाठ तरी बघू दे आधी,” मॅडम म्हणाल्या. “आणि मग? घरी जाणारेस?”

“पोरी हातात येऊ देत. मग बघू कुठं.”

“पळू नकोस बाई. टाके नाहीत पण कडं सरकलं असेल.”

“पळता कुठं येतंय, मॅडम.”

एक चप्पल धुमाळीत कुठे गेली ते सापडेना. ती न शोधता त्या निघाल्या. फुटक्या दाराशी त्यांनी काचा चुकवायला म्हणून पाय उचलला, आणि मास्तरीणबाई हात पुसत मागून गेल्या. “थांब. मला शाळेत घुसायची सवय आहे,” त्या म्हणाल्या.

स्ट्रेचर दारातच अडले होते. उचलणाऱ्यांपैकी एक जण कागदावर सही आणायला गेला होता. टेलिफोनवाल्याला मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळत होते. काच नसलेल्या दारातून रुग्णालयाचा उताराचा रस्ता थेट फाटकापर्यंत दिसत होता. दोघी त्या रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या. गुडघे जुळवून, एक हात ओटीपोटावर धरून, पाऊल जेमतेम वितीएवढे टाकत. घाईची बाई इतकी हळू चालू शकते हे ज्याने पाहिले नाही त्याला खरे वाटणार नाही.

मागून एक गाडी भोंगा वाजवत आली. दोघींनी मागे वळून पाहिले नाही, बाजूलाही झाल्या नाहीत. गाडीवाल्याने आणखी दोनदा भोंगा वाजवला. मग तो थांबला, आणि फाटकापर्यंत गाडी त्यांच्या मागे मागे, त्यांच्याच चालीने चालत राहिली.